करमराच्या चांदण्या

शहापूर,
१० डिसेंबर २०२५

रूपेश यास,
जय भीम.

पोस्टाचं पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझा नंबर तू ब्लॉक केलायस. भूमिकाच्या मोबाइलवरून फोन केला तर माझा आवाज ऐकून ठेवतोस. शेवटी रत्नदीपदादाकडून तुझा नाशिकचा पत्ता घेतला आणि भूमिकाच्या वहीची पानं फाडली. सख्ख्या भावाला लिहायचं तर चुलतभावाकडे पत्ता मागायचा, अशी आपली तऱ्हा.

कामाचं आधी. ३१ तारखेला बाबांना जाऊन वर्ष होतंय. सकाळी दहाला विहारात वंदना, मग आपल्या घरी जेवण. तू मुलगा आहेस, तुला कळवणं माझं काम, ते केलं. बाबांच्या जलदान विधीला मी तुला दारातूनच परत पाठवलं, त्याची माफी मागायला हे पत्र नाही. तेव्हा सगळ्यांसमोर बोलले ते आजही बोलेन. माझा रक्तगट जुळला नाही, तुझा जुळला. ऑपरेशनची तारीख ठरली, बाबांनी दवाखान्यात घालायला नवा सदरा शिवून घेतला, आणि आदल्या दिवशी तू बायकोला, वर्षाला, घेऊन घाट चढून नाशिकला गेलास. तिला सातवा महिना होता, ती घाबरली, तूही घाबरलास, सगळं ठाऊक आहे मला. घाबरले तर बाबाही होते. ते कुठे पळणार होते? पुढे सोळा महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना कल्याणला डायलिसिसच्या मशीनवर नेत होते. तुझी एक किडनी मिळाली असती तर ते आज ओट्यावर बसले असते.

आणि मरताना त्यांनी तुझं नाव एकदाही घेतलं नाही. हे तुला तेव्हा सांगितलंच होतं. परत सांगते, म्हणजे मनात शंका नको.

बाकी बरं आहे. तुझी भाची भूमिका सातवीत गेली. मी अजून मुरबाडच्या बाजूला त्याच फार्महाउसवर स्वयंपाकाला जाते. नाताळ ते थर्टी फर्स्ट तिथं मान वर करायला फुरसत नसते. मुंबईची माणसं थंडी बघायला येतात, आणि थंडी पडली की शेकोटी मागतात. मॅडमनी यंदा नवीन टूम काढली आहे. पाहुण्यांसोबत आलेल्या बायकांना मी घरच्या घरी करायचं फळांचं सोपं गोड शिकवायचं. पपईची वडी, पेरूची वडी, शिकरण. मला म्हणाल्या, तुला येतं का? मी म्हटलं, आमी ह्याच्यावरच मोठे झालो.

तुला आठवतं ना रे? बाबा कसाऱ्याला रेल्वेत गँगमन. नाताळची सुट्टी लागली की ड्यूटीवरून येताना मऊ पडलेली केळी, पपया, डागी पेरू पिशवी भरून आणायचे. शेजारणी हसायच्या, आपला नाताळ कधीपासून? आई म्हणायची, "सन आपला नाय, पन सुट्टी तर आपलीच हाय." पेरू वाफवायचे, गर गाळणीवर घासून बिया काढायच्या, गराच्या निम्मी साखर घालायची आणि पातेल्याच्या कडा सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही. वड्या ताटात थापल्या की पातेलं तुझं. तू डोकं आत घालून खरवडायचास.

घरी मात्र वर्षभर मी फळाचं गोड केलेलं नाही. शेवटचं केलं ते बाबांसाठी, गेल्या सुट्टीत, आणि ते त्यांना फार आवडलं होतं. ती चव तशीच राहू दे असं वाटतं.

यायचं तर ये.

मेघा


शहापूर,
१९ डिसेंबर २०२५

रूपेश,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं की चिठ्ठी? "त्यांनी नाव घेतलं नाही ना, मग मी कशाला येऊ." बस, एवढंच. लहानपणीही तू असाच. एक वाक्य बोलायचं आणि दार लावून घ्यायचं.

पण पाकिटात वर्षानेही एक कागद घातला होता, तुला न सांगता. तिला ओरडू नकोस. तिनं लिहिलंय की वर्ष झालं, तू गोडाचा कण तोंडात घातलेला नाहीस. पोराला उचलून घेताना कमरेवर हात दाबून धरतोस. तिनं विचारलं दुखतंय का, तर म्हणालास, "इथं बाबांचा जीव होता, मी दिला नाय." कंपनीतून दोनदा अर्ध्या दिवसात घरी आलास आणि भिंतीकडे तोंड करून बसलास. पोरगं दुडूदुडू पुढ्यात आलं तरी तुझं लक्ष नव्हतं. तिनं शेवटी लिहिलंय, "ताई, तुमी बोललात ते शब्द त्यांच्या तोंडात असतात. 'मी बापाला मारला.' तुमचेच शब्द हायेत."

हो, माझेच आहेत.

वाचून मी पाणी प्यायले, मग भांडी घासली. घासलेलीच होती, परत घासली. तुझ्यावर माझा राग आहे तो आहेच, पण तू असं भिंतीला तोंड करून बसावंस असं मला नको होतं. मला वाटलं होतं तू तिकडे मजेत असशील. मजेत असलेल्या माणसाला शिव्या घालायला बरं पडतं.

तू ये. पाया पडू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, पण बाबांच्या फोटोपुढे एकदा बस.

वरच्या ओळीनंतर मी एक वाक्य लिहिलं होतं ते खोडलंय. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, शाई भरपूर फासली आहे.

मेघा


शहापूर,
२६ डिसेंबर २०२५

रूपेश,

एक विचारायचं आहे, नीट आठवून सांग.

बाबांचं डायलिसिस पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा तू बरोबर होतास. दवाखान्यात आपल्याला खाण्यापिण्याची यादी दिली. छापील मराठीत, एका पानाची. केळं नको, चिकू नको, संत्रं-मोसंबी नको, नारळपाणी नको. खाली शेवटी एक ओळ जाड अक्षरात होती: "स्टारफ्रूट अजिबात देऊ नये." तू मला विचारलंस, "ताई, स्टारफ्रूट म्हंजे काय गो?" मी काय म्हणाले होते?

मला आठवतंय ते असं. मी म्हणाले, "ते मॉलमदलं फळ असतं, किवी न् ड्रॅगनसारखं. आपल्याला कुठं मिळतंय? एक तरी पथ्य फुकटचं पाळलं जाईल." बाबा हसले, तू पण हसलास.

असंच झालं होतं ना? की डॉक्टरांनी त्यावर आणखी काही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही? तुला आठवत असेल तर लगेच कळव. रत्नदीपदादाला फोन करून सांगितलंस तरी चालेल.

काल भर नाताळात मी फार्महाउसचं काम अर्ध्यावर टाकून आले. चाळीस पाहुण्यांचा स्वयंपाक चुलीवर होता. आज दिवसभर बाबांची फाइल उघडून बसले आहे. भूमिका विचारते, "आई, काय शोधतेस?" मी म्हणते, काय नाय.

मेघा


शहापूर,
२८ डिसेंबर २०२५

रूपेश,

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही. आता सरळ लिहिते. मध्ये थांबले तर परत हातात पेन धरणार नाही.

नाताळच्या सकाळी मॅडमनी गोडाचा कागद दिला. पपईची वडी, पेरूची वडी, शिकरण, आणि शेवटी लिहिलेलं, "पाकातलं स्टारफ्रूट". मी जनाबाईला म्हटलं, हे आता कुठून आणायचं, शहापूरला मिळणार नाही. जनाबाई म्हणजे माझ्याबरोबर भाजी चिरायला असते ती, आपल्या घरापलीकडच्या वाडीवरची. तिला वाचता येत नाही, पण मॅडमचं बोलणं तिच्या कानात बरोबर राहतं. ती हसायलाच लागली. "मेघा गो, येडी का खुळी तू? ते काय झाडाला लटाकलंय. मॅडम करमराला स्टार बोलते."

माझ्या हातात तेव्हा करमरच होतं. अर्धं कापलेलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले. पाच धारांचं ते पिवळं आंबट फळ, आडवं कापलं की प्रत्येक चकतीची चांदणी होते. फार्महाउसच्या विहिरीजवळ झाड आहे. पाहुणे फोटो काढतात, खात कोणी नाही. आम्ही बायका मीठ लावून खातो. आम्ही त्याला करमर म्हणतो, आईही करमरच म्हणायची. त्याला दुसरं नाव असेल आणि ते नाव माझ्या घरी फाइलमध्ये जाड अक्षरात असेल, हे माझ्या डोक्यात कसं यावं?

गेल्या वर्षी ह्याच झाडाची पिशवीभर करमरं मी घरी आणली. बाबांना सगळंच बंद झालं होतं, पाणीसुद्धा मापानं. सुट्टी लागली तसं एक दिवस म्हणाले, "मेघे, यंदा गोड काय नाय का गो?" मी यादी पुढ्यात घेतली, ओळीओळीवर बोट ठेवलं. करमर त्यात नव्हतं. मला इतका आनंद झाला रूपेश, की हे एक तरी फळ त्यांच्यासाठी शिल्लक आहे.

२९ डिसेंबर, रविवार होता. बाबांसाठी मॅडमकडून सुट्टी मागून घेतली होती. मी धारा तासल्या, चकत्या केल्या, बिया काढल्या. साखरेत घोळवून ठेवल्या आणि सुटलेल्या रसातच शिजवल्या, दालचिनीचा तुकडा टाकून, रस आटून मधासारखा होईपर्यंत. वरून पाणी थेंबभर घातलं नाही, बाबांना पाणी मोजून म्हणून. एवढी मी काळजी घेतली. भूमिका ओरडली, "आई, स्टार झाले बघ!" आणि मला तेव्हाही कळलं नाही. पोरीनं माझ्या तोंडावर शब्द आणून ठेवला, तरी मला कळलं नाही.

तिनं वाटीत चांदण्या मांडल्या आणि एकेक उचलून त्यांना भरवली. बाबांनी डोळे मिटले. "आंबटगोड हाय. तुज्या आयशीच्या हाताचं." सोळा महिन्यांत त्यांनी खाण्याला बरं म्हटलेलं ते पहिलं. दुसरी वाटी त्यांनी मागितली. तिसरी मी न मागता दिली.

चार-पाचच्या सुमारास त्यांना उचकी लागली. आपल्याकडे उचकी लागली की काय करतात? "कोन आठवन काढतंय गो माजी?" ते म्हणाले, आणि आम्ही नावं घ्यायला लागलो. ज्याच्या नावाला उचकी थांबेल त्यानं आठवण काढली. गावातली नावं झाली, कसाऱ्याच्या गँगमधली झाली, आईचं येसूबाई नाव घेतलं तर म्हणाले, "ती कशाला आठवन काढेल, ती न्यायलाच येईल." भूमिकाला तर खेळच मिळाला. बरीच नावं घेतली. आम्ही हसत होतो रे. त्यांच्या अंगात विष चढत होतं आणि आम्ही ओट्यावर बसून हसत होतो.

सोमवारीही उचकी थांबेना. साखर दिली, श्वास कोंडायला लावला, जनाबाईनं मोरपीस जाळून त्याची राख मधात कालवून दिली. ते बोलायचे त्याचा अर्थ लागेना, पाय उचलेनात. मला वाटलं अशक्तपणा आहे, उद्या मंगळवार, मशीनवर जायचंच आहे, बरं वाटेल. एका दिवसासाठी कुठे धावायचं? उचकीला कोण दवाखान्यात नेतं? मंगळवारी सकाळी झिपरूच्या रिक्षात घातलं. हायवेवर थर्टी फर्स्टच्या गाड्या एकाला एक लागलेल्या. वाशिंदच्या अलीकडे त्यांना झटका आला, दातखीळ बसली. दवाखान्यात पोचलो तेव्हा शुद्ध नव्हती. बाराच्या आत संपलं.

डॉक्टरांनी मला विचारलं होतं, काय खाल्लं? मी मान ताठ करून म्हणाले, "यादीबाहेरचं काय नाय साहेब." मला त्या उत्तराचा अभिमान वाटला होता.

काल मशीनवरच्या जुन्या सिस्टरना फोन लावला. म्हटलं, एक विचारायचं होतं, किडनीच्या माणसानं करमर, म्हणजे स्टारफ्रूट खाल्लं तर काय होतं. त्यांनी पुढचं काही सांगायच्या आधी मलाच विचारलं, "उचक्या लागल्या होत्या का?"

मी फोन ठेवला.

तेव्हा रूपेश, ऐक. तू बापाला मारलं नाहीस. तू पळालास, त्याचं काय ते तुझं तू बघ. पण त्या मंगळवारी ते गेले ते तुझ्या किडनीवाचून गेले नाहीत. माझ्या हातचं खाऊन गेले. जलदान विधीला अख्ख्या भावकीसमोर मी ज्याच्याकडे बोट दाखवलं तो तू होतास, आणि बोट माझं, साखरेनं चिकटलेलं. ३१ तारखेला विहारात मी हे सगळ्यांना सांगणार आहे. फक्त भूमिकाला यातलं कळू देऊ नकोस. ती वर्षभर सगळ्यांना सांगते, आजोबांना शेवटचा घास मी भरवला.

आता तरी ये.

ताई


शहापूर,
७ जानेवारी २०२६

रूपेश,
माझ्या भावा, जय भीम.

तू आला नाहीस. वंदना संपली तरी मी दाराकडे बघत होते. तुझ्या वाटचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं, ते जनाबाई घेऊन गेली.

भावकीसमोर मी सांगितलं. भूमिकाला पाणी आणायला पाठवलं आणि सांगितलं.  मग रत्नदीपदादा म्हणाला, "गो मेघा, तुला काय ठावं?" सगळे तेच म्हणाले. मला वाटलं होतं कोणीतरी मला दारातून बाहेर काढेल, मी तुला काढलं तसं. कोणी काढलं नाही. उलट दोघी बायकांनी जवळ घेतलं. मला ते सोसवलं नाही.

दोन दिवसांनी तुझं पत्र आलं. ह्या वेळेला चार ओळी होत्या. "ताई, फळाचं तुला म्हायत नव्हतं. माज्याकडून मिटलं. तू रडू नको. पन मी येनार नाय. बाबांनी ज्याचं नाव टाकलं त्याने त्यांच्या फोटोपुढं बसायचं कसं?"

बापाचा जीव घेतला ते तू मला एका ओळीत माफ केलंस. आणि स्वतःला मात्र त्या नावाच्या गोष्टीवरून सोडत नाहीस. पत्र हातात घेऊन मी चुलीपाशी बसले, आणि मला कळलं की मी तुला जे सांगितलं ते सोपं होतं. फळ माझ्याकडून चुकून झालं. चुकून झालेलं माणूस सांगू शकतो. मुद्दाम केलेलं सांगताना जीभ जड होते.

दुसऱ्या पत्रात शाई फासली होती ना, त्याखाली हे होतं: बाबांनी तुझं नाव घेतलं होतं.

त्या रविवारी ओट्यावर सगळ्यांची नावं झाली तरी तुझं कोणी घेत नव्हतं. माझ्या धाकानं घेत नव्हते. शेवटी बाबांनीच घेतलं, चोरून घेतल्यासारखं, माझ्याकडे न बघता. "रूपेश." आणि उचकी थांबली. पाच-दहा मिनिटं असेल, पण थांबली. त्यांचा चेहरा काय झाला सांगू? भूमिकाला टाळी दिली. "बगितलंस? माजा पोरगा आठवन काढतोय. नाशकात बसून बापाची आठवन काढतोय." मग परत लागली तरी ते खुशच. "काढू दे, काढू दे." त्यांना ती थांबायला नकोच होती. मी डॉक्टरला फोन करते म्हटलं तर म्हणाले, "ऱ्हावू दे गो, पोरगा बोलतोय माज्याशी."

म्हणजे डॉक्टरला न बोलावणारी मी एकटीच नव्हते, त्यांनीही अडवलं होतं. हेही आत्ताच सांगते.

सोमवारी त्यांच्या डोक्यातून एकेक नाव गेलं. भूमिकाला ओळखेनात. मला येसू म्हणायला लागले. मी त्यांचं अंग पुसत होते, कपडे बदलत होते, आणि ते माझ्या तोंडाकडे बघून दर उचकीला म्हणत होते, रूपेश. रिक्षातही तेच. वाशिंदच्या अलीकडे दातखीळ बसली तेव्हा अर्धं नाव आत राहिलं. सोळा महिने मी. मंगळवार मी, शुक्रवार मी, मापाचं पाणी मी, आणि शेवटचं नाव ह्याचं? मला राग आला रूपेश. मरणाऱ्या बापाचा राग आला. मांडीवर त्यांचं डोकं होतं आणि मी मनात ठरवत होते की हे ह्याला कळू द्यायचं नाही.

तेवढंच माझ्या हातात होतं, म्हणून तेवढंच मी तुझ्याकडून काढून घेतलं. वर्षभर दडवून ठेवलं. तू गोड खात नव्हतास, भिंतीकडे तोंड करून बसत होतास, आणि तुझी वस्तू माझ्या घरात पडून होती. ती परत करते आहे. त्यांनी तुझं नाव टाकलं नव्हतं. सगळं टाकलं, माझंही टाकलं, आणि तुझं तेवढं धरून ठेवलं.

मी कामावर परत जाते आहे. विहिरीजवळच्या झाडाला एक पत्र्याची पाटी बांधली. भूमिकाच्या रंगानं लिहिलं, "करमर म्हणजेच स्टारफ्रूट. किडनीच्या पेशंटला देऊ नये." मॅडम म्हणाल्या फोटोत वाईट दिसते. मी म्हटलं, दिसू दे. पाटीवरचं भूमिकानं वाचलं आहे. तिनं मला काही विचारलेलं नाही, आणि आता ती आजोबांना भरवल्याचं कोणाला सांगत नाही. तिच्याशी बोलायचं आहे. मला एकटीला जमणार नाही, तू मामा आहेस.

आणखी एक, आणि हे तू मला लिहूनच कळव. सिस्टरना परत फोन केला, त्या म्हणतात ती उचकी फळाची होती. असेल. शिकलेली माणसं आहेत, खरंच सांगत असतील. पण मध्ये थांबली ती कशानं थांबली, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

त्या रविवारी, २९ डिसेंबरला, संध्याकाळी पाचच्या सुमाराला तू कुठे होतास रे? काय करत होतास? सावकाश आठव. माझं मन राखायला खोटं लिहू नकोस, खोटं लिहिणारी घरात एक आहे ती पुरे. काही आठवलं नाही तर तसंच लिही.

पण बाबांची आठवण काढली असलीस, एवढीशी जरी, तर मला सांग.

तुझी ताई